सगळ्यांनी पाहिलेली निळी गाडी

त्या प्रकरणाचा निकाल लागून बरीच वर्षं झाली, मीही निवृत्त झालो, पण ते आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात. तीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, घरं फोडणारे पाहिले, बायकोचा हात मोडून शांतपणे टीव्ही बघत बसलेला नवराही पाहिला. त्यांचा राग यायचा आणि कामाच्या धबडग्यात निघूनही जायचा. हा राग गेला नाही. कारण इथे माझ्यासमोर गुन्हेगार नव्हते. छत्तीस सभ्य माणसं होती. आपली माणसं. त्यांनी मला चहा दिला, चिवडा दिला आणि एकामागून एक माझ्या तोंडावर खोटं बोलली.

माझं थोडं सांगतो. वडील इंग्लंडमधल्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून आले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मी पोलिसात गेलो ते घरात कुणालाच आवडलं नाही. दोन हजार सालानंतरच्या ज्या काळातली ही गोष्ट आहे, तेव्हा मी वायव्य लंडनमध्ये डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. आमच्या ठाण्यात मराठी येणारा मी एकटाच. कुणाचंही नाव मी इथे लिहिणार नाही. काहींची लिहायची फार इच्छा होते, तरी लिहिणार नाही.

ऑक्टोबरातला रविवार होता. सकाळी आठ वाजता ड्यूटीवर पोचलो तर काउंटरवरच्या कॉन्स्टेबलने सांगितलं, "सार्ज, एक बाई तासभर बसली आहे. तुमच्या भाषेतली असावी."

तिशी ओलांडलेली बाई. अंगात हॉस्पिटलच्या फार्मसीचा कोट, तोही उलटसुलट बटणं लावलेला. मी मराठीत बोलायला लागल्यावर तिचा बांध फुटला.

"आई काल परत आलीच नाही. बस आली, सगळे उतरले, आई नव्हती."

तिची आई अडुसष्ट वर्षांची. कोल्हापूरच्या बाजूला एका गावात पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेली. नवरा वारल्यावर मुलीने तिला सहा महिन्यांसाठी हॅरोला आणलं होतं. मी पुढे त्यांना मावशी म्हणायला लागलो, इथेही तेच म्हणतो. मुलगी दिवसभर कामावर, जावई आठवडाभर मँचेस्टरला. मावशी घरात एकट्या बसून कंटाळल्या होत्या. म्हणून मुलीने त्यांना शनिवारच्या एका दिवसाच्या सहलीला पाठवलं. बेल्जियममधलं ब्रुज. कालव्यांचं जुनं शहर. पहाटे वेम्बलीहून बस, समुद्राखालच्या बोगद्यातून पलीकडे, दुपारभर बोटीतून फेरफटका, घंटाघर, चॉकलेटची दुकानं, आणि रात्री नऊपर्यंत परत.

सहल काढणाऱ्याला मी टूरवाला म्हणतो. पन्नाशीचा, गोड बोलणारा, मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पुढच्या रांगेत. आईवडील भारतातून आले की लोक त्यांना याच्या हवाली करायचे. बसमध्ये तिखटमिठाच्या पुऱ्या, गाण्यांच्या भेंड्या, सगळं घरच्यासारखं.

"ते काय म्हणाले?" मी मुलीला विचारलं.

"म्हणाले, केंटमध्ये मोटरवेवरच्या सर्व्हिसेसला बस थांबली होती, तिथे आईला ओळखीचं एक मराठी कुटुंब भेटलं. तेही हॅरोलाच येत होते. त्यांच्या निळ्या गाडीतून आई गेली. मलाच विचारलं, अगं, अजून पोचल्या नाहीत का?"

"तुमच्या ओळखीचं असं कुटुंब आहे?"

"आई इथे कुणालाच ओळखत नाही हो. सात आठवडे झालेत तिला येऊन."

बेपत्ता माणसांचे अर्ज आमच्याकडे रोज यायचे. पण वय, मधुमेह, इंग्रजीचा एकही शब्द नाही, मोबाइल नाही, हे सगळं एकत्र आलं की वरच्या श्रेणीची जोखीम धरायची, असा आमचा नियम. तासाभरात इन्स्पेक्टरने चार माणसं दिली. केंटच्या पोलिसांना कळवलं. त्या सर्व्हिसेसच्या, म्हणजे महामार्गावरच्या खाण्यापिण्याच्या थांब्याच्या, आसपासची झाडी त्यांनी कुत्रे घेऊन पालथी घातली. निळी गाडी म्हणजे कदाचित अपहरण, म्हणून कॅमेऱ्यांच्या टेप मागवल्या, आणि दोन कॉन्स्टेबल दोन दिवस डोळे ताणून निळ्या गाड्या मोजत बसले.

प्रवाशांचे जबाब मी स्वतः घेतले. सगळे मराठी, बहुतेक वयस्क. रविवार आणि सोमवार मी वेम्बली ते हॅरो घरोघर फिरलो. सगळीकडे तेच आगतस्वागत. "या साहेब, या. आपला माणूस आहे म्हटल्यावर आम्हाला काळजी नाही."

आणि सगळीकडे तोच जबाब.

"सर्व्हिसेसला ओळखीचं कुटुंब भेटलं त्यांना. निळ्या गाडीतून गेल्या."

"ओळखीचं कुटुंब होतं. निळी गाडी होती, त्यातून गेल्या."

साक्षीदारांबद्दल एक गोष्ट कुठलाही पोलीस सांगेल. एक अपघात दहा जणांनी पाहिला तर गाडीचे चार रंग निघतात. कुणी हिरवी म्हणतो, कुणी काळी, आणि दोघं म्हणतात गाडी नव्हती, व्हॅन होती. इथे छत्तीस माणसं अंधारात पार्किंगमध्ये एक गाडी पाहतात, आणि छत्तीसच्या छत्तीस जणांना ती निळीच दिसते. हे मला सोमवारीच खटकायला हवं होतं. खटकलं नाही. का, तर सोफ्यावर बसून चहा पिताना समोरची म्हातारी माणसं मला माझ्या आईवडिलांसारखी दिसत होती. माझा संशय मी चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवला होता. स्वतःवरचा हा राग आधी लिहून टाकतो, बाकीच्यांचा नंतर.

सोमवारी एका घरी सासूसासरे आणि त्यांची सून असे तिघं सहलीला गेले होते. सून इथेच जन्मलेली, दातांच्या दवाखान्यात नर्स. तिचा जबाब मी सासूसासऱ्यांच्या समोरच घेतला. ही दुसरी चूक.

ती म्हणाली, "निळा गाडी होता. त्यातून गेल्या त्या."

"निळी गं, निळी गाडी होती," सासूबाईंनी दुरुस्ती केली. सगळे हसले. मीही हसलो. ती हसली नाही, हे मी पाहिलं आणि सोडून दिलं.

मंगळवारी दुपारी ठाण्यात फोन आला. ऑपरेटरने सांगितलं, बाई नाव सांगत नाही, मराठी ऑफिसरच हवा म्हणते.

"काका, तो मिसिंग आजीचा केस तुम्ही बघता ना?"

"हो. कोण बोलतंय?"

"नाव नाही सांगणार, सॉरी. तो निळा गाडी... तसा काही नव्हता."

मी पेन उचललं. "नव्हता म्हणजे? कुणी पाहिली नाही?"

"बस तिथे थांबलाच नाही. कुठेच थांबला नाही."

"मग मावशी कुठे उतरल्या?"

मागे कुठेतरी दाताच्या मशीनचा आवाज.

"प्लीज, तिकडे नका शोधू त्यांना," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

कोण होती ते मला पहिल्याच वाक्यात कळलं होतं. पण त्या घरी मी परत गेलो नाही. गेलो असतो तर सासूसासऱ्यांनी तिला पुन्हा गप्प केलं असतं. मला आता माणसांचं बोलणं नको होतं, पुरावा हवा होता.

बसचा ड्रायव्हर इंग्रज होता. रविवारीच तो दुसरी सहल घेऊन स्कॉटलंडला गेला होता आणि आमचा निरोप त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. मंगळवारी तो फोनवर सापडला. मी त्याला सर्व्हिसेसबद्दल विचारलं.

तो म्हणाला, "कुठल्या सर्व्हिसेस? मी बोगद्यातून निघालो तो थेट वेम्बली. माझे तास संपत आले होते. डिस्क बघा ना."

त्या काळी प्रत्येक बसमध्ये टॅकोग्राफ नावाचं यंत्र असायचं. त्यात कागदाची गोल चकती. बस कधी चालली, कधी थांबली, सगळं ती चकती सुईने कोरून ठेवायची. ड्रायव्हरने कायद्याने ठरवलेल्या तासांपेक्षा जास्त बस हाकू नये म्हणून ती सोय. शनिवारची चकती बसच्या मालकाच्या कार्यालयात होती. संध्याकाळी ती माझ्या टेबलावर आली. बोगद्यापासून वेम्बलीपर्यंत रेघ सलग. एकदाही तुटलेली नाही. मग मी त्या दोन कॉन्स्टेबलना सांगितलं, टेप पुन्हा लावा, आणि या वेळी निळी गाडी शोधू नका, बस शोधा. बस नव्हतीच. दोन दिवस आम्ही तिथे नसलेली गाडी शोधत होतो आणि बस आहे की नाही हे बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

म्हणजे मावशी इंग्लंडला परत आल्याच नव्हत्या. रविवारपासून मंगळवारपर्यंत आम्ही चुकीच्या देशात शोधत होतो, आणि हे छत्तीस माणसांना माहीत होतं. टीव्हीवर केंटमधली झाडी आणि कुत्रे दाखवत होते, तेही ते घरी बसून बघत होते.

बेल्जियमच्या पोलिसांना त्याच संध्याकाळी चौकशीचा निरोप धाडला, पण नेमकी जागा आणि वेळ हवी होती. ती एकाच माणसाकडून मिळणार होती. बुधवारी सकाळी वॉरंट घेऊन आम्ही टूरवाल्याच्या घराची झडती घेतली. तो दारातच म्हणाला, "अहो साहेब, फोन केला असता तर मीच आलो असतो." गॅरेजमध्ये जुन्या जाहिरातींच्या गठ्ठ्यांमागे मरून रंगाची एक कापडी पिशवी सापडली. त्यात स्वेटर, मधुमेहाच्या गोळ्या, डब्यात उरलेल्या चार पुऱ्या, आणि मुलीच्या अक्षरात घरचा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. मुलीने ती पिशवीच्या आतल्या खिशाला टाचणीने लावून दिली होती. घरातल्या टेबलाच्या खणात मावशींचा पासपोर्ट मिळाला.

मी पासपोर्टची पानं चाळली. इंग्लंडचा व्हिसा होता. बेल्जियमला जायला लागतो तो व्हिसा नव्हता.

चौकशीच्या खोलीत टेप चालू होती, त्याचा वकील शेजारी. बोलणं इंग्रजीत झालं, मी मराठीत लिहितो. सुरुवातीला त्याने निळी गाडी अगदी सविस्तर सांगितली. गाडीत मागे लहान मूल होतं, हेही सांगितलं. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. खोटं बोलणाऱ्याला अडवायचं नसतं. त्याने पाठ केलेलं संपलं की मग पाठ न केलेलं विचारायचं.

"गाडीत बसताना मावशींच्या हातात काय होतं?"

"त्यांची पिशवी."

"कसली?"

"कापडी. मरून रंगाची."

मी पिशवी टेबलावर ठेवली. वकिलाचं पेन थांबलं. पिशवीशेजारी पासपोर्ट ठेवला.

"या पासपोर्टवर त्या बेल्जियमला कशा गेल्या?"

तो मराठीत म्हणाला, "साहेब, जरा टेप बंद करता का? आपण आपल्यात बोलू."

"आपल्यात काही नाही," मी इंग्रजीत म्हणालो. "एक आजारी बाई चार दिवस गोळ्यांशिवाय कुठेतरी आहे. कुठे सोडलंत?"

"सोडलं नाही. त्या वेळेवर आल्या नाहीत."

"कुठे?"

"ब्रुजला. तळ्यापाशी, जिथे बस उभ्या करतात तिथे."

मी खुर्ची मागे ढकलून बाहेर आलो आणि बेल्जियमला फोन लावला. चाळीस मिनिटांत उलट फोन आला. शनिवारी संध्याकाळी तळ्याजवळच्या दगडी पायऱ्यांखाली एक भारतीय वृद्धा बेशुद्ध सापडली होती. कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका माणसाने पाहिलं म्हणून. डोक्याला मार, खुब्याचं हाड मोडलेलं, रक्तातली साखर भलतीच चढलेली. अंगावर ओळख पटेल असं काहीच नाही. अधूनमधून शुद्ध येते, पण काय बोलते ते कुणाला कळत नाही. आणि बेल्जियममध्ये अशी कुणी बाई हरवल्याची तक्रारच नव्हती. कशी असणार? मंगळवार संध्याकाळपर्यंत आम्ही जगाला सांगत होतो की ती केंटमध्ये हरवली आहे.

मी विचारलं, "जिवंत आहेत ना?"

"आज सकाळपर्यंत आहेत," पलीकडचा अधिकारी म्हणाला.

मुलीला मी स्वतः फोन केला. पलीकडे रिसीव्हर खाली पडल्याचा आवाज आला.

गुरुवारी तिला घेऊन मी ट्रेनने ब्रुजला गेलो. ती सरळ हॉस्पिटलात गेली. मला तिथल्या पोलिसाने आधी ती जागा दाखवली. शहर सुंदर आहे, नाही म्हणवत नाही. तळ्यात हंस, कडेला विटांची जुनी घरं, पुलाखालून जाणाऱ्या बोटी, बोटीतले लोक एकमेकांचे फोटो काढतायत. पायऱ्यांशेजारच्या बाकावर एक कुटुंब साखर भुरभुरवलेले वॉफल खात होतं. त्यांची काहीही चूक नव्हती, तरी मला त्यांचाही राग आला. पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. मी दोन पायऱ्या उतरलो आणि कठडा धरला.

मावशी त्या दिवशी शुद्धीवर होत्या. मुलीने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला होता. मी मराठीत बोलल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही कुठले?" त्यांनी विचारलं.

"सांगलीचा, मावशी."

"मग जवळचेच की." आणि हळूहळू, थांबत थांबत त्यांनी सांगितलं.

टूरवाल्याने त्यांचा पासपोर्ट स्वतःकडे ठेवून कुणा दुसऱ्या बाईचा पासपोर्ट त्यांच्या हातात दिला होता. त्या बाईचे गुडघे दुखायला लागले म्हणून तिने ऐनवेळी येणं रद्द केलं होतं, पण तिचा ब्रिटिश पासपोर्ट टूरवाल्याकडेच राहिला होता. साधारण तेच वय, तसाच अंबाडा. "मी म्हटलं, अहो, हा फोटो माझा नव्हे. तर म्हणाले, मावशी, ग्रुपचं असंच असतं, कुणी काही विचारलं तर नुसतं हसा. म्हणून मी हसले." पलीकडे पोचल्यावर त्याने तो पासपोर्ट परत घेतला.

त्या बोटीत बसल्या होत्या. घंटाघर खालूनच पाहिलं. मग सगळे चॉकलेटच्या दुकानात शिरले, आणि या एका जुन्या मठाच्या आवारात लेस विणणाऱ्या बायका बघत बसल्या. "काय हात चालतो हो त्यांचा. पन्नास टाचण्या आणि तेवढेच दोरे. मी घड्याळाकडे बघत होते, बरं का. पाच वाजता तळ्यापाशी, असं त्यांनी माइकवरून दोनदा सांगितलं होतं. मी पावणेपाचला तिथे होते. बसच नव्हती. वाटलं, जागा चुकले. पण हंस तेच होते."

त्या तिथे उभ्या राहिल्या. पाऊस आला. स्वेटर पिशवीत, पिशवी बसमध्ये. अंधार पडल्यावर पलीकडच्या बाजूला बस आहे का बघायला त्या पायऱ्यांकडे गेल्या.

टॅकोग्राफची चकती मी पाहिली होती. बस त्या जागेवरून चार वाजून चाळीस मिनिटांनी हलली होती.

काय घडलं ते लंडनला परतल्यावर प्रवाशांनीच सांगितलं. आता सगळ्यांना सगळं आठवत होतं. वाटेत अपघातामुळे रस्ता तुंबल्याची बातमी आली. ड्रायव्हरचे तास संपत होते. टूरवाल्याने निघायची वेळ अर्धा तास अलीकडे आणली आणि चॉकलेटच्या दुकानात, बाजारात जे भेटले त्यांना सांगितलं. मावशींना शोधायला कुणीच गेलं नाही. दहा मिनिटं थांबून बस निघाली. आधी त्याने माइकवरून सांगितलं की मावशींचे नातेवाईक इथेच राहतात, त्या त्यांच्याकडे गेल्यात. कुणी विश्वास ठेवला असेल, मी समजू शकतो. पण बोगद्याच्या रांगेत बस तासभर उभी होती, तेव्हा त्याने खरं सांगितलं. मावशी दुसऱ्याच्या पासपोर्टवर आल्या होत्या. हे बाहेर आलं तर सगळ्यांची चौकशी होईल, मुलांचे व्हिसा अडकतील, मंडळाचं नाव खराब होईल. त्या काही लहान नाहीत, कुणीतरी मदत करीलच. आणि मग त्याने निळी गाडी दिली. लोकांनी ती दोनदा म्हणून पाठ केली.

मी एका आजोबांना विचारलं. बसमध्ये ते मावशींच्या पलीकडच्या सीटवर होते. निवृत्त बँक अधिकारी, अतिशय सज्जन माणूस.

"पिशवी सीटवर दिसत होती तुम्हाला?"

"दिसत होती."

"मग काय वाटलं?"

"वाईट वाटलं," ते म्हणाले. "पण सगळेच गप्प होते. मी एकटा काय बोलणार?"

छत्तीस जबाबांत हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेन, सांगवत नाही. प्रत्येक जण एकटा होता. एका बसमध्ये छत्तीस एकटी माणसं.

टूरवाल्यावर दुसऱ्याचा पासपोर्ट वापरण्याचा आणि तपासाची दिशाभूल करून न्यायाच्या कामात अडथळा आणल्याचा खटला चालला. तो तुरुंगात गेला. माझ्या मते फारच थोड्या दिवसांसाठी. प्रवाशांवर खटला भरायचा नाही, असं सरकारी वकिलांनी ठरवलं. वयस्क, घाबरलेले, फसवले गेलेले. मी लेखी विरोध नोंदवला. त्यावर मला सौजन्यपूर्ण उत्तर आलं.

मावशींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. वॉकर घेऊन त्या गावी परत गेल्या. त्यांना निरोप द्यायला विमानतळावर मी गेलो होतो. त्या वर्षी त्या सुनेनेही ते घर सोडलं, असं नंतर कळलं. तिने पुन्हा कधी फोन केला नाही आणि तिचं नाव मी कुठल्याही कागदावर लिहिलं नाही.

वर्षभराने मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. हॅरोमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये वार्षिक कार्यक्रम आहे, माझा सत्कार करायचा आहे. "तुम्ही मावशींना शोधून काढलंत, समाजाला तुमचा अभिमान आहे." मी जायला नको होतं. गेलो, कारण मला त्यांचे चेहरे एकत्र बघायचे होते.

शाल आली, श्रीफळ आलं. अध्यक्ष भाषणात म्हणाले, "गेल्या वर्षी एका सहलीत आपल्या एक मावशी थोड्या मागे राहिल्या, काही गैरसमज झाले, पण आपल्या सार्जंटसाहेबांमुळे सगळं सुखरूप पार पडलं."

टाळ्या वाजल्या. मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

मी म्हणालो, "मावशी मागे राहिल्या नव्हत्या. पाचची वेळ होती, त्या पावणेपाचला तिथे होत्या. बस चार चाळीसला निघून गेली. गैरसमज कुणाचाच झाला नाही. त्या बसमध्ये जे होते त्यांनी कृपया उभं राहावं. मला फक्त एकदा बघायचं आहे."

कुणीच उठलं नाही. त्यातले निदान पंचवीस जण मला समोर दिसत होते. कुणी कार्यक्रमपत्रिका वाचायला लागलं. एका बाईंनी पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली, आणि त्यांना ते सापडेना. मी थांबलो. चौकशीच्या खोलीत थांबायची मला सवय होती. शेवटी अध्यक्षांनी माइक हळूच माझ्या हातातून काढून घेतला आणि चहा तयार असल्याचं जाहीर केलं.

शाल मी खुर्चीवर ठेवली आणि बाहेर पडलो. गाडीचं दार उघडत होतो तेवढ्यात मागून कुणीतरी धापा टाकत आलं. तेच बँकेतले आजोबा.

"साहेब," ते म्हणाले, "मी उठणार होतो."

"मग उठायचं होतं," मी म्हणालो.

मी गाडी काढली.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं मला नव्या मुलांच्या प्रशिक्षणात विचारायचे. मी सांगायचो, घरच्यांसमोर जबाब घेऊ नका, सगळ्यांची गोष्ट जुळली तर घाबरा, आणि भाषा एक आहे म्हणून कुणावर विश्वास टाकू नका. हे सगळं खरं आहे, वहीत लिहून घेण्यासारखं आहे. पण मी स्वतः शिकलो ते दुसरंच. बोलणार होतो, उठणार होतो, सांगणार होतो, हे मी आयुष्यभर ऐकलं, आणि म्हणणारी माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांना खरंच तसं करायचं होतं. जबाबाच्या कागदावर माणसाने काय केलं ते लिहायला जागा असते. काय करणार होता, ते लिहायला नसते.